पिक्चरमध्ये कोण कुठे बसलंय ते बघा

खालून वर जाणाऱ्या माणसाचा, गरिबी-श्रीमंतीचा पिक्चर असला की मी आधी एकच गोष्ट बघते, कोण कुठे बसलंय. स्टोरी नंतर, डायलॉग त्याच्याही नंतर. खुर्चीवर कोण, जमिनीवर कोण, गाडीत पुढे कोण मागे कोण, कोण दारातच उभं राहिलं आणि कोणाला कोणी बस म्हटलंच नाही. ज्या डिरेक्टरला हे दिसतं त्याला वर्ग म्हणजे काय ते कळलंय असं माझं सरळ मत आहे. ज्याला दिसत नाही तो मग वरून झोपडपट्टी दाखवतो, गळणारं छप्पर दाखवतो, आणि मागे बासरी लावतो.

गल्ली बॉय घ्या. २०१९ चा पिक्चर, सगळ्यांनी बघितलाय, सगळ्यांना रॅप लक्षात आहे, मला मात्र गाडी लक्षात आहे. मुरादचा बाप ड्रायव्हर, त्याचा पाय मोडतो म्हणून पोरगा त्याच्या जागी गाडी चालवायला जातो. एका रात्री मालकाची मुलगी मागच्या सीटवर बसून रडत असते आणि हा पुढे. मध्ये एक सीट. त्याला आरशात सगळं दिसतंय, तिला काय झालंय ते विचारावंसं वाटतंय, पण तो मान वळवू शकत नाही. कोणी मनाई केलेली नाही तरी नाही. याच गाडीत आधी अजून एक बोलणं होतं, मालक मुलीला पुढे शिक म्हणून सांगत असतो आणि ते पटवायला मुरादला विचारतो तू किती शिकलास, तो पण ग्रॅज्युएशनचं सांगतो, तर मुद्दा असा निघतो की बघ हा पण ग्रॅज्युएट आहे, मग नुसत्या डिग्रीचं काय घेऊन बसलीस. म्हणजे ज्या डिग्रीसाठी धारावीतल्या एका घराने आपलं सगळं पणाला लावलंय ती डिग्री त्या गाडीत उदाहरण म्हणून वापरली जाते, आणि ज्याची आहे तो तिथेच स्टेअरिंगवर आहे, सगळं ऐकतोय. मला त्या सीनचा इतका राग आला होता ना, पिक्चरचा नाही, त्या सीनमध्ये जे खरं आहे त्याचा.

आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी कोरियातून पॅरासाइट आला, त्यातही गाडी, त्यातही ड्रायव्हर बाप. पुढे चार ऑस्कर मिळाले, बेस्ट पिक्चरसकट, त्यामुळे नाव तरी सगळ्यांनी ऐकलं असेल. रात्री मुसळधार पाऊस पडलाय, या माणसाचं अर्धं जमिनीखाली असलेलं घर गटाराच्या पाण्याने भरलंय, रात्र त्याने एका हॉलमध्ये शेकडो लोकांसोबत जमिनीवर काढलीय. सकाळी परत ड्युटी. मॅडम मागे बसून फोनवर पार्टीचं बोलतायत, पाऊस पडला ते बरं झालं, हवा स्वच्छ झाली असं चाललंय, आणि बोलता बोलता त्या खिडकी उघडतात, कारण ड्रायव्हरच्या अंगाला वास येतोय. एवढंच. कोणी शिवी देत नाही, कोणी हात उचलत नाही, एक काच खाली होते. त्याच्या आधीचा टेबलाखालचा सीन तर मी परत बघू शकत नाही. मालक-मालकीण सोफ्यावर आडवे झालेत आणि हे बाप-लेक त्यांच्यापासून चार हातावर टेबलाखाली लपलेत, आणि वर चर्चा त्यांच्याच वासाची. खोली एकच आहे. एक घर सोफ्यावर आणि एक घर टेबलाखाली.

मला हे सगळं एवढं का लागतं तर त्याला कारण आहे. मी कोपरखैरण्यात वाढले, माथाडीची मुलगी. आण्णा पाटण तालुक्यातून आले, आधी मुंबईत, मग बाजार वाशीला आला तसे इकडे, कांदा-बटाटा मार्केटला. नवी मुंबईच्या बाहेरच्यांसाठी सांगते, एपीएमसीत, म्हणजे वाशीच्या घाऊक बाजारात, ट्रक खाली करणं, गोणी पाठीवर घेऊन गाळ्यात नेणं, थप्पी लावणं, हे सगळं माथाडी करतात, टोळीने, टोळीला एक मुकादम. १९६९ साली माथाडी कायदा झाला, अण्णासाहेब पाटलांनी उभ्या केलेल्या चळवळीचं ते फळ, आणि त्यामुळे माथाडी बोर्डातून पगार, फंड, दवाखाना हे आलं. आमच्या घरात दोन पोरं शिकली ती त्या कायद्यावर. हे मी कुठेही अभिमानाने सांगते.

तर गाळ्यात बसायचं गणित फार स्पष्ट असतं. व्यापारी गादीवर नाहीतर गल्ल्यामागच्या खुर्चीवर. हिशेब लिहिणारा मेहताजी टेबलाला. बाहेरून आलेला शेतकरी समोरच्या बाकड्यावर, तेही त्याला बस म्हटलं तर. आणि माथाडी गोणीवर. लहानपणी सुट्टीत डबा द्यायला गेले की आण्णा थप्पीच्या कडेला गोणीवर बसून जेवायचे, डोक्याचा फडका मांडीवर पसरून, आणि मला पण शेजारी गोणीवर बसवायचे. कांद्याच्या गोणीची सुतळी टोचते मांडीला. समोर रिकामी खुर्ची असायची, व्यापारी चांगला माणूस होता, दिवाळीला मिठाई पाठवायचा, तो कधी उठ म्हणाला नसता. पण तिच्यावर आमच्यापैकी कोणी बसलेलं मी बघितलं नाही.

आता मी नेरुळला टॉवरमध्ये राहते, ऐरोलीला आयटी कंपनीत आहे, नवरा पण तिकडेच. खाली लॉबीत मोठा सोफा आहे, पाहुण्यांसाठीच ठेवलाय, शेजारी माशांची पेटी. आण्णा कधी दुपारी आले आणि आम्ही घरी पोचलेलो नसलो तर ते त्या सोफ्यावर बसत नाहीत. गेटवर वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची असते ना, पाठ तुटलेली, सुतळीने बांधलेली, तो काका स्वतः उठून आण्णांना ती देतो आणि आपण पायरीवर बसतो. मग दोघं गप्पा. मी किती वेळा सांगितलं आण्णा आत एसी आहे, आत बसत जा, तर म्हणतात "हितं बरं वाटतं, वारं येतं." वारं येतं हे पण खरंच आहे. पण नुसतं वारंच नाही हे मला कळतं, त्यांनाही कळतं, आणि आम्ही दोघं त्याच्यावर बोलत नाही.

हे कुठल्या पिक्चरमध्ये आहे सांगा. वर गेलेल्या पोरीचा बाप तिच्या बिल्डिंगच्या लॉबीत बसत नाही. आपल्याकडचे वर जायचे पिक्चर बहुतेक रिझल्टच्या दिवशी संपतात. यादीत नाव सापडतं, आई डोळे पुसते, गावात मिरवणूक, नावं येतात. मला त्या पिक्चरांबद्दल वाईट बोलायचं नाहीये, मी स्वतः ट्वेल्थ फेल (२०२३) बघून रडलेय, चंबळचा मुलगा दिल्लीत येऊन पिठाच्या गिरणीत काम करत यूपीएससीचा अभ्यास करतो, आणि ज्या खऱ्या अधिकाऱ्यावर तो आहे ते मनोजकुमार शर्मा आपल्या महाराष्ट्र केडरचे आयपीएस. त्यात शेवटी इंटरव्ह्यूची खुर्ची आहे. समोर बोर्ड, मध्ये टेबल, आणि हा मुलगा त्या खुर्चीवर बसून जे आहे ते सांगतो, बारावी नापास झालो तेही. माझ्या घरच्या सगळ्यांनी तो सीन श्वास धरून बघितला कारण आमच्या कोपरखैरण्याच्या गल्लीत अशा खुर्चीपर्यंत पोचायचा प्रयत्न करणारी पोरं आहेत, अभ्यासिकेत बसलेली, आई डबे करते, बाप मार्केटला. पण खुर्ची मिळाल्यावर पुढे काय? पहिल्या पोस्टिंगला बाप भेटायला आला तर तो केबिनमध्ये बसला का बाहेर बाकड्यावर? खरी गोष्ट तिथे सुरू होते असं मला वाटतं.

निल बटे सन्नाटा मात्र मला मनापासून आवडतो (२०१६ चा, आग्र्यातली स्टोरी, अश्विनी अय्यर तिवारी). कारण त्यात आई बाकावर जाऊन बसते. खरोखर बसते, दहावीच्या वर्गात, पोरांच्या मध्ये, स्वतःच्या पोरीच्या वर्गात. धुणीभांडी करणारी बाई. पोरगी म्हणते डॉक्टरची मुलं डॉक्टर होतात आणि कामवाल्या बाईची पोरगी कामवालीच होणार, तर या म्हणण्याला आई भाषणाने उत्तर देत नाही, गणिताचं पुस्तक घेऊन बाकावर बसते. पोरीला किती लाज वाटते ते पण लपवलेलं नाही. ती लाज फार खरी आहे. शाळेच्या गॅदरिंगला आई ज्या बायकांमध्ये बसायची तिकडे मी बघायचे टाळायचे का, तर नाही, पण माझ्या वर्गातल्या काही मुली टाळायच्या आणि त्यांच्या आयांना ते कळायचं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

बाहेरच्या पिक्चरमधलं एक-दोन सांगते आणि मग आपल्याकडे येते. पर्सूट ऑफ हॅपीनेस, २००६, विल स्मिथ आणि त्याचा खराखुरा मुलगा. तो बिनपगारी इंटर्नशिप करतोय, पोराला घेऊन रेल्वेस्टेशनच्या संडासात रात्र काढलीय, आणि ऑफिसचा मोठा साहेब टॅक्सीसाठी त्याच्याकडे सहज पाच डॉलर मागतो. सहज. साहेबाच्या लेखी ती रक्कमच नाही, आणि याच्याकडे मोजून थोडे पैसे उरलेत. तो देतो. नाही म्हणता येत नाही कारण नाही म्हटलं की आपण कोण ते कळणार. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ऑफिसात कोणाचा वाढदिवस आला की वर्गणी निघायची, मग रविवारी ब्रंच, मग लोणावळा, आणि प्रत्येक वेळी मी हो म्हणायचे आणि घरी आईला द्यायचे पैसे दोन दिवस पुढे ढकलायचे. वाईट कोणीच नव्हतं त्यात. साहेबही पिक्चरमध्ये वाईट नाही, शेवटी तो आठवणीने पाच डॉलर परत पण करतो. या सगळ्यात व्हिलन सापडत नाही हेच जास्त अवघड आहे.

बायसिकल थीव्ह्ज, १९४८, इटलीचा, यूट्यूबवर शोधा आणि निदान हॉटेलचा सीन बघा. सायकल चोरीला गेलीय, नोकरी जाणार, आणि बाप पोराला घेऊन हॉटेलात शिरतो, आज खाऊ म्हणतो. पाठीमागच्या टेबलावर श्रीमंत घरचं पोर जेवतंय. दोन मुलं मान वळवून एकमेकांकडे बघतात. बस, पुढचं मी सांगत नाही.

आता सैराट. २९ एप्रिल २०१६ ला लागला आणि पुढचे कित्येक आठवडे नवी मुंबईत दुसरं काही बोलणंच नव्हतं. आम्ही सगळे वाशीला बघायला गेलो, आई आण्णा, मावशी, चुलतभाऊ, एक अख्खी रांग आमची. गाण्याला पोरं पडद्यासमोर नाचली, शिट्ट्या, सगळं. पण आण्णा एका सीनला पुढे सरकून बसले. वर्गात पाटलाचा पोरगा प्रिन्स बेंचवर बसून मोबाइलवर बोलतोय, सर विचारतात, आणि तो उठून सरांच्या कानाखाली मारतो. भर वर्गात. थिएटरमध्ये काही जण हसले सुद्धा, मला अजून कळत नाही का. आण्णा हळूच म्हणाले, "मास्तर हाय की गं त्यो." घरी येईपर्यंत, रिक्षात सुद्धा, शेवटच्या सीनबद्दल नाही बोलले, या सीनबद्दल बोलले.

कारण आमच्या घरात सगळ्यात मोठं काय होतं तर मास्तर होणं. शिक, मास्तर हो, मग कोण बोलणार नाही. आणि नागराज मंजुळे पिक्चरच्या मध्यावर नाही, हिरो-हिरॉइनच्या भानगडीत नाही, असं जाता जाता दाखवून टाकतात की शिकून मास्तर झालेला दलित माणूस वर्गात उभा आहे आणि गावाच्या मालकाचा पोरगा बसून आहे, आणि डिग्री मध्ये येत नाही. वर गेलास, पण कोणाच्या नजरेत गेलास? पैसा, शिक्षण, नोकरी हे सगळं आपण कमवू शकतो, पण पैशाच्या वर्गाखाली जातीचा वर्ग असतो आणि तो बाहेरच्या देशातल्या पिक्चरमध्ये सापडत नाही. म्हणून आपल्याकडे पॅरासाइटची कॉपी करून चालणार नाही असं मला ठाम वाटतं. ती वास येतो म्हणून उघडलेली खिडकी आपल्याकडे वासाशिवाय पण उघडते, आडनाव कळल्यावर.

दुसऱ्या हाफबद्दल लोक कंटाळवाणा म्हणाले होते, हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, बाटल्यांच्या फॅक्टरीतली नोकरी. मला तोच हाफ जास्त आवडतो. बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी आर्ची तिथे संडासाच्या घाणीने, पाण्याने रडकुंडीला येते. इथे जिना उलटा आहे, ती खाली उतरतेय आणि परश्या तिच्यासोबत हळूहळू वर चढायचा प्रयत्न करतोय. फ्लॅट बघायला जातात दोघं, बांधकाम चालू असलेला. नवी मुंबईत कोणाला तो सीन अनोळखी असेल? सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरल्यावर बाथरूमचा नळ सोडून बघणारे आपणच असतो.

आणि फँड्री. १४ फेब्रुवारी २०१४. त्याच्यावर इतकं लिहून झालंय की मी एक-दोनच गोष्टी लिहिते. जब्याला जीन्स घ्यायचीय, शालूच्या डोळ्यात भरायचंय, म्हणून तो सायकलवर थंड पेप्सी विकायला जातो आणि ती सायकल ट्रकखाली जाते. पिक्चर तिथे थांबून रडत नाही, पुढे जातो. मग जत्रा. जब्या पोरांमध्ये नाचायला लागतो, एक क्षण तो कोणाचाच कोणी नसतो, नुसता नाचणारा पोरगा असतो, आणि बाप त्याला ओढून बाजूला घेतो आणि त्याच्या डोक्यावर बत्ती देतो. आता तू नाचायचं नाहीस, नाचणाऱ्यांना उजेड दाखवायचा. किशोर कदमांनी जो बाप केलाय त्याच्यात दुष्टपणा शोधून सापडत नाही, तो भ्यालेला आहे, पोरगा आपली जागा विसरला तर मार कोण खाणार ते त्याला माहितीय.

राष्ट्रगीताचा सीन मी या बसण्या-उभं राहण्याच्या नजरेने बघते. जब्याच्या घरचे गावातलं डुक्कर धरतायत, ते हाताशी आलंय आणि शाळेत जन गण मन सुरू होतं. शाळेतली पोरं पण उभी, डुक्कर धरणारे पण उभे, सगळे सारखे सरळ. बावन्न सेकंद सगळं गाव एका उंचीवर. गीत संपतं, आणि परत एक बाजू पळायला लागते आणि दुसरी बाजू बसून मजा बघायला लागते. नंतर ते डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, गाडगेबाबा. कोणी काही बोलत नाही. आणि शेवटी जब्याचा दगड, थेट आपल्याकडे.

त्या दगडाचा भाऊ मला दहा वर्षांनी दिसला. ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट, पायल कपाडियांचा, २०२४ ला कान फेस्टिवलमध्ये ग्रां प्री मिळालेला. त्यात छाया कदम पार्वती आहेत, हॉस्पिटलात स्वयंपाक करणाऱ्या, रत्नागिरीकडच्या. मुंबईतलं राहतं घर बिल्डरला पाहिजे आणि यांच्याकडे कागद नाहीत. इतकी वर्षं राहिलात त्याचा पुरावा काय? कागद नाही म्हणजे तुम्ही इथे राहिलाच नाहीत. मग एका रात्री त्या आणि हॉस्पिटलातली नर्स प्रभा मिळून टॉवरच्या जाहिरातीच्या होर्डिंगवर दगड मारतात, आणि हसतात. जब्याचा दगड रागाचा होता, या बायकांचा पण रागाचाच आहे पण त्यात एक मोकळेपणा आहे, कामावरून सुटलेल्या दोन बायकांचा. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवरून जाताना कुठल्याही होर्डिंगवर बघा, "मोजक्या लोकांसाठी" असं कुठल्यातरी भाषेत लिहिलेलं असतंच. मोजक्यांच्या बाहेर कोण ते लिहायची गरज पडत नाही.

सर हा पिक्चर (२०१८ चा, थिएटरला २०२० मध्ये आला) मी एकटीने बघितला होता, मग परत बघितला आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंसोबत. त्या तुर्भ्याला राहतात. दुपारी मटार सोलायला बसल्या होत्या, मी लावला होता, म्हटलं ताई मराठी बाईची स्टोरी आहे, बघा. सोफा रिकामा होता, मी म्हटलं वर बसा, म्हणाल्या "असू दे, हात भरलेत." सोफ्याला पाठ टेकून जमिनीवर बसल्या, मग मीही खाली बसले, सालं एकीकडे दाणे एकीकडे. तिलोत्तमा शोम रत्ना आहे, तरुणपणी विधवा झालेली, मुंबईत एका श्रीमंत मुलाच्या घरी कामाला, तिथेच किचनजवळच्या छोट्या खोलीत राहणारी. गावातून मुंबईला येताना ती गाडीत हातात बांगड्या चढवते. ताईंचा हात थांबला. म्हणाल्या, "बरोबर आहे. गावात घालता येत नाहीत ना." मला तो सीन पहिल्या वेळी छान वाटला होता, पण त्याचं वजन ताईंच्या त्या एका वाक्याने कळलं. मुंबई म्हणजे मोलकरणीची खोली, आणि तीच मुंबई म्हणजे बांगड्या. दोन्ही एकाच तिकिटात.

मालकाचा जीव जडतो तिच्यावर, तो चांगला आहे, मनापासून आहे. पिक्चरवर टीका करणारे म्हणतात असं कुठे होतं का. पण पिक्चर तेच तर म्हणतोय, की तिला ते त्याच्या आधी कळतं, लोक हसतील कोणाला, जाणार कोणाचं. शेवटी ती काम सोडते, शिवणकामाच्या लाइनला लागते, आणि फोनवर पहिल्यांदा त्याला सर न म्हणता नावाने हाक मारते. मी म्हटलं किती छान शेवट. ताई दाणे गोळा करत म्हणाल्या, "आता त्याच्या घरी कामाला नाही ना ती, म्हणून घेतलं नाव." हेच मला इतके दिवस सांगता येत नव्हतं. प्रेमाने नाही उघडलं ते दार. पगार दुसरीकडून यायला लागला तेव्हा उघडलं. कुठल्या समीक्षेत हे मी वाचलं नव्हतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये कामवाल्या बायकांनी कुठली लिफ्ट वापरायची यावरून ग्रुपवर मोठं भांडण झालं होतं. दोन लिफ्ट आहेत, एक सर्व्हिस म्हणून लिहिलेली. कुत्रा मेन लिफ्टने जातो आणि ताई सर्व्हिसने, ती बंद असेल तर थांबायचं. मी मीटिंगमध्ये उठून बोलले, अजून दोघी-तिघी बोलल्या, नियम लेखी नाही असं ठरलं, पण लेखी नसला तरी चालू आहे. ताई अजूनही सर्व्हिसनेच येतात. हा विषय मी सोडणार नाही.

कोर्टबद्दल थोडक्यात. चैतन्य ताम्हाणेंचा पिक्चर, लोकशाहीर नारायण कांबळेंवरची केस, पण मला त्यात दोन वकील बघायला आवडतात. बचावाचा वकील स्वतःच्या गाडीत, गाणी लावून, सुपरमार्केटमधून वाइन आणि चीज घेणारा. सरकारी वकीलबाई लोकलच्या लेडीज डब्यात, मुलाला घेऊन घरी, घरी गेल्यावर स्वयंपाक. गीतांजली कुलकर्णी काय काम करतात त्यात! आणि गरिबाच्या बाजूने गाडीवाला लढतोय, विरुद्ध बाजूने लोकलवाली. डिरेक्टर कोणालाच झापत नाही. आपण ज्यांच्यासारखे दिसतो त्यांच्या बाजूने असूच असं नाही हे एवढ्या शांतपणे दुसऱ्या कोणी दाखवलेलं मला आठवत नाही.

जुन्यात घरोंदा, १९७७. अमोल पालेकर आणि झरीना वहाब. दोघांना लग्न करायचंय पण घर नाही, पैसे साठवतात, बिल्डर पळतो, आणि मग तो तिला सुचवतो की आजारी म्हाताऱ्या बॉसशी लग्न कर. डॉ. लागू बॉस. इतकं कडू मध्यमवर्गाबद्दल तेव्हा दाखवलं हे मोठंच. ज्यांचं बुकिंग अडकलंय, इकडे ईएमआय आणि तिकडे भाडं दोन्ही भरतायत, त्यांनी जरा मन घट्ट करून बघा.

मला खरं तर एक न झालेला पिक्चर बघायचाय, आपल्या नवी मुंबईचा. इथे सगळा माल आहे. १९७० ला सिडको, म्हणजे शहर वसवणारी सरकारी कंपनी आली, ठाणे, पनवेल, उरणकडची ९५ गावं, भातशेती, मिठागरं, खाडी. जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा प्लॉट परत. कोणाला प्लॉट मिळाला, कोणी तो कवडीमोलाने आधीच विकून बसला, कोणी त्यावर बिल्डिंग चढवली आणि आता भाडेकरू ठेवलेत, आणि त्याच गावातल्या दुसऱ्याचा पोरगा जिथे आजोबाची शेती होती त्याच टॉवरला सिक्युरिटीत आहे. एका पिढीत, एकाच भावकीत, दोन भाऊ दोन वर्गात गेले. त्याच नोडमध्ये, म्हणजे सिडकोच्या त्याच वसाहतीत, सेक्टर बदलला की माथाडींची घरं, एकावर एक मजले चढवलेली, त्याच्या पलीकडे आयटीवाले, आणि सगळे सकाळी त्याच ठाणे-वाशी लोकलला. आगरी-कोळी घरातल्या हळदीच्या मांडवात कोण पुढच्या खुर्च्यांवर बसतं आणि कोण मागे उभं राहतं एवढं जरी नीट दाखवलं तरी अर्धा पिक्चर तिथेच होईल.

भाषा पण इथलीच पाहिजे, आगरी, साताऱ्याकडची, ऑफिसातली मराठी-हिंदी-इंग्लिश खिचडी. आणि गोणी उचलणारा माणूस दाखवायचा तर नटाला आधी मार्केटला चार रात्री उभा करा, कारण गोणी हाताने नाही उचलत, पाठ देतात, आणि मान कशी ठेवायची हे बघितल्याशिवाय येत नाही.

कोणी असं काही लिहीत असेल, शॉर्टफिल्म सुद्धा चालेल, तर मला मेसेज करा. मार्केटचं पाहिजे तर आण्णांशी गाठ घालून देते, त्यांना वेळच वेळ आहे. कोपरखैरण्याला यावं लागेल, आई जेवल्याशिवाय सोडणार नाही, आणि आण्णा रात्री मालाचा ट्रक लागल्यापासून सुरू करतील, कोणत्या गाळ्यावर कोण मुकादम होता, वारईवरून (माल उतरवायच्या मजुरीवरून) कधी बाजार बंद पडला होता, सगळं. रेकॉर्डर घेऊन या.